माझी पाळी शेवटी

लेथ बंद करून उद्यमनगरातून येतो,
हाताला कूलंटचा वास.
ओबेद सर पेटी उघडूच देत नाहीत, नुसते गळे.
आधी एस्तेरबाई ओळ उचलायच्या,
ती संपायच्या आत
केझिया तीच ओळ खालच्या सुरात धरायची,
मग शलमोन.
मी चपलेतल्या अंगठ्यानं मोजत थांबलेला.
लॅटिनमधला ‘पाणी’ एवढाच शब्द ओळखीचा;
तो आला की कळतं,
पंचगंगेकडची खिडकी उघडी राहिलीय.

यंदा केझिया गडहिंग्लजला, सासरी.
तिची ओळ कुणी घेतली नाही.
एस्तेरबाई एकट्याच पुढं जातात,
मागं वळून बघावं तसा सूर लांबवत.

काल मी सोळा मात्रा आधीच शिरलो,
खर्जातला जाड आवाज घेऊन
तिच्या जागेत.
चुकलंच.
सरांनी हात खाली केला नाही.