साय

आर्ब्वाच्या वरच्या अंगाला, चुनखडीच्या पोटात
सिदोनी व्हुईयेचं तळघर.
अकरा पायऱ्या.
पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं:
दहावी निसटती आहे,
आणि कशाला हात लावायचा नाही.

मी एकोणीस वर्षांचा. हात न लावता राहणं
मला कुणी शिकवलं नव्हतं.

सहाव्या पिंपात दिवा धरून डोकावलो
तर वाइन चार बोटं खाली गेलेली,
आणि तिच्यावर काहीतरी राखाडी, सुरकुतलेलं,
तापवून विसरलेल्या दुधावर धरतं तसं.
आमच्या घरी रिकामं दिसलं की भरायचं, अशी रीत.
नव्या वाइनच्या टाकीतून नळी लावली,
काठोकाठ भरलं.
साय फाटली, कडेला गोळा झाली,
मग हळूहळू बुडाली.
चला, म्हटलं, एक काम झालं.

संध्याकाळी सिदोनीनं बोटाच्या पेरानं पिंप वाजवलं.
भरल्या पिंपाचा आवाज ठस्स येतो.
ती ओरडली नाही. तेच वाईट होतं.
दहाव्या पायरीवर बसली, त्या निसटत्या,
आणि म्हणाली,
"ते पांघरूण होतं, गास्पार.
ते हवा लागू देतं, पण मापानं, चाखत चाखत.
सहा वर्षं आणि तीन महिने आम्ही इथं काही करत नाही.
सोपं वाटतं तुला?"

ते पिंप तिनं नदीकाठच्या खानावळीला विकून टाकलं,
साधी पांढरी म्हणून, तळलेल्या ट्राउटबरोबर.
वहीत तिच्यापुढं लिहिलं: गास्पारची.
गिऱ्हाइकं म्हणे खूश होती.

सातवं पिंप त्याच हिवाळ्यात निजवलेलं.
तेवढ्या काळात मी लग्न केलं, गुडघा मोडून घेतला,
साव्हान्यँच्या वेलींची छाटणी शिकलो,
आणि सातव्याजवळून जाताना
हात पाठीमागं बांधून जायला शिकलो.

काल ते उघडलं.
बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटल्या. लिटरमधलं
उरतं तेवढंच मावतं त्यांत.
बाकीचं देवदूत पितात, असं गावात म्हणतात.
सिदोनी छताकडं बोट दाखवते, बुरशीनं काळं झालेलं:
"देवदूत असते तर
जाताना निदान पुसून गेले असते."

आज रविवार. बाटली सकाळपासून उघडी,
थंड करायची नाही, अशी सक्त ताकीद.
मोरिल अळंबी रात्रभर भिजत घातलेली,
त्यांचं पाणी फडक्यातून गाळून घेतलेलं,
कारण त्यांच्या जाळीत वाळू लपते.
कोंबडी सायीतच शिजतेय,
(ही दुसरी साय, गाईंची)
शेवटी त्यात पेलाभर पिवळी वाइन.
मी तो पेला ओतताना डोळे मिटले.
फेरेओल आपलं कोंते चीज घेऊन आला,
दोन वर्षं मुरलेलं,
दाताखाली पांढरे कण कुरकुरतात.
आणि टोपलीभर अक्रोड, मागच्या झाडाचे.

पहिल्या घोटाला माझं तोंड वाकडं झालं.
खरं सांगतो. सहा वर्षं वाट पाहून हे?
फेरेओल म्हणाला, चीज खा आधी, मूर्खा.
खाल्लं.
मग दुसऱ्या घोटात एक वास आला
आणि मी तळहातानं तोंड झाकलं:
कालवडींना भूक लागावी म्हणून
बाबा आंबोणात मेथी घालायचे,
त्या लाकडी खणाचा, पहाटेच्या गोठ्याचा.
कुणाला सांगितलं नाही. जेवणात
मेथीचा दाणाही नव्हता.

दुपार कलली. कोंबडीच्या रश्शात सगळ्यांनी पाव फिरवला.
फेरेओलचा पेला अर्ध्यावर आला
तसा माझा हात आपसूक बाटलीकडं गेला.
सिदोनीनं नुसतं पाहिलं.

मी हात वळवून एक अक्रोड उचलला,
फोडला.
किडका निघाला.