खिडकीतली बाटली

केसपेपरवर माझंच अक्षर आहे :
'पोटदुखी, वारंवार. सोनोग्राफी नॉर्मल. मानसिक?'
प्रश्नचिन्ह बारीक काढलंय,
पुढेमागे खोडता यावं असं.

वैजयंता कोष्टी, वय सव्वीस, राहणार विटा.
पोटावर तीन शिवणी.
एक अपेंडिक्सची, एक पित्ताशयाची,
तिसरी कशाची ते कागदात नाही
आणि तिलाही कुणी सांगितलेलं नाही.
नवरा म्हणाला, "माग चालू असला की हिचं वराडणं ऐकू येत न्हाई.
लाईट गेली की आख्ख्या गल्लीला कळतंय."

सांगली सिव्हिल, बायकांचा वॉर्ड, कॉट एकोणीस.
पोट दाबलं तर मऊ.
एवढ्या कळा, आणि पोट मऊ कसं,
हे मला खटकायला हवं होतं.
मला वाटलं, ही खोटं कशाला बोलतेय?
सलग तिसरी नाईट होती,
हे मी नंतर स्वतःला सांगितलं.

मग तिला आकडी आली.
मी फिनोबार्बिटोन लिहिलं.
पुस्तकात तेच आहे. कुणालाही तेच दिलं असतं.
संध्याकाळपर्यंत तिचे हात उचलेनासे झाले
आणि भिंतीवरच्या पालीला ती
"सुभद्रामावशी, खाली ये" म्हणू लागली.

चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली होती,
दुसऱ्याच कशासाठी तरी.
फ्रिज बंद,
म्हणून कुणीतरी बाटली खिडकीत ठेवली,
जिथं दुपारचं ऊन थेट येतं.

चार वाजता कलाप्पा आला, बादली आपटत.
"डॉक्टर, बाटलीत च्या कुणी वतला?
सकाळी हळदीच्या पाण्यागत हुती. म्या सोता बगितली."
मी न बघता म्हणालो, रक्त असेल.
"रगात मला कळतंय की. बावीस वर्सं धुतोय.
रगात खाली बसतंय. ह्ये न्हाई बसलं."

उजेडात धरली.
काळ्या मनुका रात्रभर भिजवल्यावर जे पाणी उरतं, तसं.
आणि आठवली दुसऱ्या वर्षाची वही,
'परीक्षेला येत नाही' म्हणून पेन्सिलीनं कंस घातलेली
अर्धी ओळ.

एर्लिखचं द्रावण ताजं करायला तास गेला.
थेंब टाकला.
लग्नातल्या फेट्याचा गुलाबी.

पोर्फिरिया.
सर बराच वेळ नळीकडे बघत राहिले. म्हणाले,
तीस वर्षांत एक पाहिली होती. गेल्यावर कळली.

औषध परदेशातून येतं. किंमत ऐकून
नवरा बाहेरच्या लिंबाकडे बघत बसला.
उरली साखर : मानेच्या शिरेतून ग्लुकोज,
रात्रंदिवस.
माझी गोळी मी चार्टवरून लाल शाईनं काटली.
रेघ दोनदा मारली गेली.

विचारलं, दुखण्याआधी जेवते का ही?
"कसलं जेवण? मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी.
दुखणं थांबावं म्हणून तर धरल्यात.
लई दुखलं की एक वार वाढवतो."

खाली रस्त्यावरून
उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, कारखान्याकडे.
त्याला काय सांगायचं ते मी दोन दिवस जुळवत होतो.
शेवटी एवढंच बोललो : उपास बंद. कायमचे.
"देवाला काय सांगू?"
माझं नाव सांग, म्हणालो. केसपेपरवर आहे.

अकराव्या दिवशी तिचा डावा हात कानापर्यंत गेला.
त्याच्यावर जाईना.
वेणी अजून अठरा नंबरची बाई घालते.
सुभद्रामावशीचं तिनंच सांगितलं :
ऐन पंचविशीत, अशाच कळा.
बाधा म्हणून खांबाला बांधली होती. बांधलेलीच गेली.

आज धाकटी बहीण आली, बारावीत आहे,
डब्यात भाकरी आणि वांगं.
तिची बाटली कलाप्पानं खिडकीत ठेवलीय.
रंग बदलला नाही, तरी त्यानं काही सिद्ध होत नाही,
हे मला ठाऊक आहे.
त्याला सांगितलेलं नाही.
तो फरशी पुसता पुसता थांबतो
आणि ऊन सरकेल तशी
बाटली सरकवतो.