पान बेचाळीस

मागणी अर्ज क्रमांक अकरा:
प्रतिवादी कंपनीने शेतनोंदीच्या सर्व वह्या
तीस दिवसांत हजर कराव्यात.

वह्या म्हणजे भीमाशंकर हत्तुरेंच्या.
लाल कापडी बांधणीच्या सात,
बोरामणीच्या ट्रायल प्लॉटवर तेरा रब्बी
कानामागची पेन्सिल काढून लिहिलेल्या.
पानापानांत कुसळं अडकलेली.
त्यांचं काय करायचं, मी विचारलं.
इराबत्ती वकील म्हणाले,
झेरॉक्समध्ये येत नाहीत ती.

मी भाषांतराचे पानामागे साठ रुपये घेते.
पोटरी, निसवण, चिकटा,
यांना इंग्रजी शोधता शोधता दुपार टळते.
सोलापूरची दुपार: कोर्टामागच्या दुकानात
मशीन तापून बंद पडतं
आणि दुकानदार त्याला पुठ्ठ्यानं वारा घालतो.

आमचं म्हणणं: वाणाचे मायबाप हे गुपित, तेवढं काळं करू.
त्यांचं म्हणणं: मायबापच तर बघायचेत.
तीन तारखा मायबापांवर गेल्या.
शेवटी हुकूम झाला,
मूळ पान लाखेच्या लिफाफ्यात, साहेबांच्या चेंबरमध्ये.
मला काळ्या पट्ट्यांची प्रत.
'काळं सोडून बाकीचं कर.'

मी पान खिडकीशी धरलं, तेही
नुसतं डोळ्यांवरचं ऊन अडवायला.
पण एप्रिलचं ऊन काही मार्करला जुमानत नाही.
पट्टीमागून पेन्सिल हळूहळू वर आली:
ओळ सतरा. बी आत्याच्या कणगीतलं, दर्गनहळ्ळी.
दोन मापं. पैसे नको म्हणाली.
जेवून निघालो.

पुढच्या तारखेला चेंबरात लिफाफा फुटला.
ज्यांचं वहीच्या पानांच्या आकड्यावरही
कधी जमलं नव्हतं, ते दोन्ही वकील
बाहेर येऊन एका सुरात म्हणाले,
पान बेचाळीस गैरलागू.
मग दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतला.

हत्तुरे व्हरांड्यात शेंगा फोडत बसले होते,
साक्षीला बोलावलेले, अजून न पुकारलेले.
मी विचारलं, आत्याचं नाव काय?
बराच वेळ टरफलं गोळा करत राहिले.
"आत्याच म्हणायचो की सगळे.
लिहायचं सुचलंच नाही बघ."

बिलात मी पान बेचाळीस धरलंय.
साठ रुपये.
कणगीला शब्द सापडला नाही,
तो काळ्या पट्टीखालीच राहिला,
तरी धरलंय.