पाठ

शेफील्ड. नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच
खिडकीत संध्याकाळ येऊन उभी.
विनिफ्रेड हॅटर्सली, वय एक्क्याऐंशी, उजवी बाजू गेलेली.
"गेलेली" नाही, मी चार्टवर लिहिते "कमकुवत".
त्या म्हणतात, गेलीच की गं, लव्ह,
निदान पत्ता तरी ठेवून जायचं.

टेबलावर प्लॅस्टिकचे शंकू. पिवळा, लाल, पिवळा.
इकडचा उचला, तिकडे ठेवा.
हात मांडीवर पडून,
दुसऱ्या कुणाचं पार्सल चुकून आल्यासारखा.

मिरजेला पहिल्या वर्षी आम्ही पाठ केलं होतं:
हातोडी टेकली की गुडघा उडतो,
एका हालचालीच्या शेपटाला दुसरी बांधलेली,
माणूस म्हणजे फटाक्यांची माळ.
आम्ही कातडीवर ब्रश फिरवले, बर्फ घासला,
आणि वात पेटायची वाट पाहत बसलो.

दुसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावर साहेब आले.
कवटीत त्यांची केबिन, तिथून हुकूम खाली उतरणार.
साहेब आजारी पडले की खालचे कारकून माजतात,
बोटं मुठीत आवळून बसतात.
मग आमचं काम एवढंच, कारकुनांना दटावणं:
खांदा असा धरा, मनगट तसं,
चुकीची हालचाल होऊच द्यायची नाही,
सवय लागेल.
किती जणांना मी असं
एकही चूक न करू देता
निजवून ठेवलं.

परीक्षेत मला त्यात बहात्तर गुण होते.

इथल्या पहिल्या हिवाळ्यात, टेकडीवरून बसथांब्याकडे उतरताना
काळ्या बर्फावर मी तीनदा आपटले.
चौथ्यांदा नाही.
हुकूम कुणी दिला? मी तर मेथी कुठे मिळेल याचा विचार करत होते.
गुडघे जरा वाकले, पावलं बदकाची झाली,
पिशवी या हातातून त्या हातात गेली.
उतार, बूट, बर्फ, पिशवी, घाबरट मी,
सगळ्यांनी बसून काहीतरी ठरवलं असावं,
आणि त्या पंचायतीला सरपंच नव्हता.

आज म्हटलं, शंकू राहू देत.
जेवणाचा ट्रे अजून तसाच, कस्टर्डवर साय धरलेली.
विनिफ्रेडबाईंनी डाव्या हाताने चमचा उचलला,
दिव्याकडे धरला, नाक मुरडलं.
"हा कुणी घासला? माझ्या चाकावरून असा गेला असता
तर मालकीणबाईंनी पैसे कापले असते."
एकवीस वर्षं त्यांनी चमचे चकाकवले,
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, डोक्याला लाल फडकं,
घरी गेल्यावर नाकातून काळं यायचं म्हणे.

चमचा मांडीवर आला
आणि पार्सल हललं.
अंगठा. फक्त अंगठा.
चमच्याच्या पाठीवरून सरकला, अर्ध्यात अडला,
परत आला.
मी श्वास वगैरे रोखला नाही, खोटं कशाला सांगू,
मी खुर्चीची उंची बघत होते.
कोपराखाली उशी हवी होती.

पुन्हा, मी म्हटलं.
दुसऱ्यांदा अंगठा वेगळ्याच वाटेने गेला.
तिसऱ्यांदा गेलाच नाही. चौथ्यांदा चमचा खाली.
"पाठ होतं गं मला हे," त्या म्हणाल्या,
आणि खिडकीकडे बघत राहिल्या.

पाठ कुठे होतं काही, बाई?
एकवीस वर्षांत एकही चमचा तुम्ही
आधीच्यासारखा घासला नसणार.
गणित तेच,
सोडवायचं मात्र दरवेळी कोऱ्या पाटीवर.
हे मी बोलले नाही. चमचा उचलून दिला.

चार्टवर रकाना आहे: ताकद, शून्य ते पाच.
चमच्याला रकाना नाही.
मी "अंगठा: दोन" लिहिलं,
आणि कडेला, पेन्सिलीने:
उद्या स्वयंपाकघरातून कळकट चमचे मागवणे.
डझनभर.
एकसारखे नकोत.