जाऊन येते

गनपावडर रोडच्या वळणावर
माझा हात अजून आपोआप वर जातो, रिक्षासाठी.
इथं रिक्षा नसते.
काळीपिवळी थांबते, म्हातारा ड्रायव्हर काच उतरवून
"नवीन काय?" म्हणतो,
आणि मी, सत्तेचाळीस वर्षांची, पर्स पोटाशी धरून
"छे हो" म्हणते, आणि चालत निघते, उलट्या दिशेला.

बदलापूरला किल्ली कण्हेरीच्या कुंडीखाली असायची
आणि ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं.
इथं तीन कुलपं. मधलं फक्त शर्विलला उघडतं,
दार खांद्यानं दाबून, किल्ली अर्धी बाहेर ओढून.
तो क्लासला असला की मी जिन्यात बसते
मेथीची जुडी मांडीवर घेऊन.
निवडून तरी होते.

यांना गोदीचं क्वार्टर मिळालं तेव्हा सगळे म्हणाले, सुटलात!
रोजचे चार तास वाचले.
वाचले खरे. पण ते चार तास
घरात आलेत अनोळखी पाहुण्यांसारखे,
चहा नको म्हणतात, उठतही नाहीत.
हे अजून पाच दहाला जागे होतात,
अंघोळ उरकून मोजे चढवतात
आणि आठपर्यंत नुसते मोज्यांत बसून राहतात
खाटेच्या कडेला.

रात्र इथं पुरेशी काळी होत नाही.
क्रेनचे दिवे थेट भिंतीवर.
मी खिडकीला सासूबाईंचं निळं सोलापुरी पांघरूण लावलंय,
तरी उजेड विणीतून गळतो.
पहिल्या रात्री जहाजाचा भोंगा झाला
तेव्हा झोपेत मी म्हटलं,
"अहो, कोंडिलकरांची म्हैस अडलीय वाटतं."
तिघंही हसलो, पोट धरून.
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

समोर फिलोमिना सिक्वेरा. एकटीच.
दुसऱ्याच आठवड्यात अळूवड्या दिल्या वाटी भरून.
वाटी परत आली. घासलेली, लख्ख,
रिकामी.
आमच्याकडे रिकामी वाटी कुणी परत करत नाही,
काही नाही तर चिमूटभर साखर तरी.
मी ती वाटी फळीवर पालथी ठेवली,
आणि मनात तिलाही.

मग एका दुपारी बेल वाजली. ती. ओले हात, गाऊन.
"बाय, दूध जळतंय तुमचा. वास येतो माझ्या किचनपर्यंत."
आणि गेली.
खरंच जळत होतं.
मी पातेलं घासत बसले, आणि घासता घासता
उगीच बरं वाटत राहिलं.

आज भुलेश्वरला निघाले, स्टीलचं झाकण आणायला.
चप्पल सरकवताना तोंडून गेलं, वीस वर्षांच्या सवयीनं,
"मुंबईला जाऊन येते गं!"
घरात कुणीच नव्हतं. जिन्यात फिलोमिना होती.
ती हसली नाही.
"येताना कडक पाव आण," म्हणाली.
मी विचारलं, किती?