उरलेली सात मिनिटं

डिसेंबरच्या शेवटी गौतमीचा गुडघा गेला.
आवाज फारसा झाला नाही,
ओली शेंग मोडावी तेवढाच,
पण कोपरखैरण्याच्या त्या उघड्या कोर्टावर
चेंडूसुद्धा दोन टप्पे खाऊन गप्प राहिला.

त्यानंतर तीन सामने. दोन हरलो.
ऐरोलीच्या पोरींनी आमच्याच रिंगखालून
तेवीस रिबाउंड नेले,
दारातली चप्पल न्यावी तसे.
गेल्या वर्षीचा चषक क्लबच्या कपाटात,
त्याच्या एका कानाला कुणीतरी शिट्टी अडकवलेली.

टिपणीस सर दिवसा कांदा-बटाटा मार्केटात हिशेब लिहितात.
संध्याकाळी कोर्टावरही तागडी सुटत नाही.
म्हणाले, 'जिंकलेल्या गोणीत हवा फार.
वरून भरलेली दिसते,
हलवली की खाली बसते.
बाहेरून वजन आणावं लागेल.'
कुणी हसलं नाही.
आपण वजन की हवा,
हे जिचं तिला ठरवायचं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी वजन आलं.
मर्सी डाबरे. वसईची. पाच फूट अकरा.
वय चौतीस, एक मुलगा,
दोन्ही घोट्यांना पट्ट्या,
आणि डब्यात सगळ्यांसाठी सुकेळी.

मी तिला ओळखत होते.
गेल्या वर्षी अंतिम सामन्यात
तिचं कोपर माझ्या डाव्या भुवईवर उतरलं होतं.
तीन टाके. तिथे अजून केस उगवत नाहीत.
तिने नीट पाहिलं, म्हणाली,
'फाऊल नव्हता हां तो.'
मी म्हटलं, 'होता.'
एवढीच ओळखपरेड.

तिला शिकवायचं काम सरांनी मलाच दिलं.
आमच्या चालींची नावं इथलीच:
'टोल नाका' म्हणजे पाय रोवून उभं राहायचं,
कुणाला फुकट सोडायचं नाही.
'उरण फाटा', दोघींनी दोन दिशांना फुटायचं.
'खाडी' म्हणजे चेंडू बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर,
समोरची कंटाळेपर्यंत.
मी खडूने सिमेंटवर बाण काढत होते
माझ्याच जागेकडे जाणारे.
ती वाकून बघत होती,
नव्या घराची फरशी बघावी तशी,
उतार कुठे, पाणी कुठे साचेल.

पहिल्याच सामन्यात, नेरूळविरुद्ध,
मी बाकावरून ओरडले, 'उरण फाटा!'
आणि बाई उलट्या बाजूला फुटल्या,
थेट हर्षालीच्या वाटेत.
नेरूळच्या तिघी त्या दोघींवर धावल्या,
मागे एवढी जागा मोकळी
की आमची सगळ्यांत बुटकी ऋचा भोईर
कुणाचा धक्काही न लागता बास्केट करून आली.
सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.
दुसऱ्या दिवशी ती चूक चाल झाली.
नाव: 'वसई'.
आता ती मला शिकावी लागते.
खडू मर्सीच्या हातात.
'तू फार लवकर वळतेस गं.'
खरंय. वळते.

सलग सहा जिंकलोय.
लोक म्हणतात संघ भक्कम झाला.
झालाच, नाही कोण म्हणतंय.
आधी एकवीस मिनिटं खेळायचे, सात उरली.
गौतमी कुबड्या बाकाला टेकवून शेजारी बसते,
अकरा नंबरचा शर्ट मांडीवर घडी करून.
तो कुणी मागितला नाही. मर्सीनेही नाही.

आज ठाणे-बेलापूर रस्त्याकडून
कारखान्यांचा वास येतोय, गोडसर, जळका.
मर्सीला धाप लागलीय.
हात गुडघ्यांवर ठेवून
एकदाच बाकाकडे बघते.
सरांचं अजून लक्ष नाही.
सात मिनिटं कधीच सलग मिळत नाहीत,
एखादं इथे, दीड तिथे,
चिल्लर असते ती.
म्हणून मी बुटांच्या नाड्या
सैल करत नाही.