दम धरा

सोहारच्या इस्पितळात पहाटे पाचला
मी आधी पाण्याचा डबा स्कॅन करते.
पाणी शून्य यायला हवं.
हवा उणे हजार, हाड हजाराकडे,
पदव्युत्तरचं पहिलं पान.
"बाकी माणूस शून्याच्या आसपासच,"
सुदानचे मुबारक सर म्हणतात, चहात तिसरी साखर ढवळत.

शंभर केसेसची वही. आज चौऱ्याहत्तरावी:
पुरुष, एकोणसाठ, वेल्डर, छाती.
यंत्रातली बाई अरबीत बोलली, मग इंग्रजीत.
तो हलला.
फुप्फुसं धुरकट आली,
दाराआड कुणी उभं असावं तशी.
किरण परत द्यायचे तर एकदाच.

अर्जावर आडनाव दापोलीकडचं.
माईकचं बटण दाबलं:
"काका, दम धरा."

धरला की त्यानं!
टेबल सरकलं, कडं फिरलं,
उजवीकडे वर एक ठिपका, मुगाएवढा.
मी तो मोजत बसले
आणि "सोडा" म्हणायचं राहूनच गेलं.
काचेपलीकडे तो तसाच, छाती फुगवून,
डोळे छतातल्या स्पीकरवर.

वहीत लिहिलं: हालचाल नाही, प्रतिमा स्वच्छ.
नावाचा रकाना नियमाप्रमाणे कोरा.
खाली सरांचा लाल पेन:
सूचना कोणत्या भाषेत दिली?